गावच्या घराच्या वाशांना औषध मारायचं का?

(या आठवड्याच्या भागाचं हे शब्दांकन. बोलणं जसं झालं तसंच ठेवलंय, पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हे काय काढलंय याने. पण आमच्या करी रोडला, लालबागला, परळला राहणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांच्या डोक्यात हा विषय कधी ना कधी येऊन गेलेला असतो. गावाला घर बांधायचं. स्लॅब की कौलं, चिरा की विटा, हे वाद होऊन जातात. कौलं ठरली की मग लाकूड येतं. आणि लाकूड आलं की कुणीतरी विचारतंच, 'औषध मारलंत का?'

खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात. मी गेलं दीड वर्ष तेवढंच केलंय. आमच्या कणकवली तालुक्यातल्या घराचे वासे ५८ आहेत. त्यातला प्रत्येक मी हाताने चाचपलाय, म्हणून आज बोलायला बसलोय. मी लाकडातला तज्ज्ञ नाही. आयुष्य छापखान्यात गेलं. पण शाई आणि केमिकलमध्ये दिवस काढल्यामुळे डब्यावरचं बारीक अक्षर वाचायची सवय आहे, ती इथे उपयोगाला आली.

तर सुरुवातीपासून सांगतो.

आमचं गावचं जुनं घर पडलं. एका रात्रीत नाही, हळूहळू. माणसं मुंबईला आली, घर बंद राहिलं. पूर्वी दर मे महिन्यात शाकारणी व्हायची, फुटकी कौलं बदलायची, सरकलेली जागेवर बसवायची. ती बंद झाली. एका बाजूने पाणी आत यायला लागलं, भिंतीची माती ओली राहायला लागली, भिंतीतून वाळवी चढली आणि वासे गेले. एका गणपतीला आम्ही दार उघडलं तर माजघरात आभाळ दिसत होतं.

माझा धाकटा भाऊ दिव्याला राहतो. ते दृश्य त्याच्या मनातून गेलं नाही. त्यामुळे नवीन घराचं ठरलं तेव्हा त्याचं पहिलं वाक्य होतं, "दादा, या वेळी लाकडाचा एक तुकडासुद्धा औषधाशिवाय वर जाता कामा नये." त्याने माणूसही शोधला. तो म्हणाला, सगळं लाकूड चढवून झालं की येतो, एका दिवसात सगळीकडे फवारून देतो, दहा वर्षांची गॅरंटी. माझंही मत आधी तेच होतं. खर्च एवढा होतोय, त्यात आणखी थोडा.

अडलं ते बाबांपाशी.

बाबा गिरणी कामगार. १९८२ च्या संपापर्यंत कापसाच्या खात्यात होते. ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांना जास्त सांगायला नको. कापसाची धूळ छातीत बसते ती बसतेच. आता ८० च्या पुढे आहेत, उशाशी पंप असतो, कुणी शेजारी उदबत्ती लावली तरी खोकल्याची उबळ येते. आणि हे घर मुख्यतः त्यांच्यासाठीच. त्यांना शेवटची वर्षं गावात, कौलाखाली काढायची आहेत.

मी त्यांना सहज म्हटलं, "बाबा, लाकडाला औषध मारून घेतोय. काही होत नाही त्याने, सगळे मारतात."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "गिरणीत पण हेच सांगायचे. काही होत नाही. कापूसच तर आहे."

त्यावर मला बोलता येईना. म्हटलं, ठीक आहे, आधी नीट समजून घेऊ.

आता करी रोडकडे येतो, कारण माझा पहिला धडा तिथेच झाला.

आमची चाळ जुनी, लाकडी सांगाड्याची, सागाच्या तुळया. १९६९ च्या कायद्यानंतर ज्या इमारती उपकरप्राप्त म्हणून दुरुस्ती मंडळाच्या यादीत आल्या, त्यांतलीच एक. माझ्या आठवणीत जिन्याखाली कायम टेकू होता. आम्ही पोरं त्या टेकूला स्टंप करून क्रिकेट खेळायचो. शेवटी पुनर्विकास ठरला, आम्ही भाड्याच्या खोलीत गेलो आणि पाडकाम सुरू झालं. मी रोज संध्याकाळी बघायला जायचो. तुम्ही म्हणाल कशाला, पण जन्म गेला तिथे, पाय ओढतातच.

एके दिवशी आमच्याच मजल्याची एक तुळई खाली उतरवलेली दिसली. साधारण १२ फुटांची. एका टोकाला मोरी होती, दुसऱ्या टोकाला बाहेरची खोली. मोरीकडचं दीड फूट लाकूड हातात घेतलं तर भुगा झालं, ओल्या चहापत्तीसारखं. आणि बाकीच्या साडेदहा फुटांवर मी दगड आपटला तर ठण्ण असा आवाज आला. त्यावर बसलेला खिळा पाडकामवाल्या पोराला निघेना.

मंडळी, झाड एकच, तुळई एकच, वय एकच. औषध कुणालाच लावलेलं नाही. मग एक टोक गेलं आणि बाकीचं राहिलं, ते कशामुळे? मोरीचं पाणी. वर्षानुवर्षं भिंतीत मुरलेलं. तोपर्यंत मी 'लाकूड टिकतं की नाही' असा विचार करत होतो. त्या दिवसापासून 'लाकूड कुठे टिकत नाही' असा करायला लागलो.

मग वाचायला सुरुवात केली, लोकांना विचारलं. जे कळलं ते सोप्या भाषेत सांगतो.

छपराच्या लाकडाचे शत्रू तीन. पहिली बुरशी, म्हणजे कुजणं. तिला पाणी लागतं. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही. कोकणात पावसाळ्यात कोरडं लाकूडही या काठावर येऊन बसतं, पण वारा खेळता असेल तर पुन्हा खाली उतरतं. गळतीखालचं लाकूड मात्र उतरत नाही.

दुसरी वाळवी. आपल्याकडची त्रास देणारी वाळवी बहुतेक जमिनीतली. ती हवेत उडून वाशाला चिकटली आणि खात बसली असं सहसा होत नाही. पंखवाली दिसते ती नवीन वारूळ करायला निघालेली असते. घर खाणारी वाळवी जमिनीतून, भिंतीवरून, मातीच्या बारीक नळ्या करून वर चढते आणि ओल घेऊनच चढते. म्हणजे छपरातल्या वाळवीची वाट पायापासून सुरू होते.

तिसरे भुंगेरे. लाकडाला टाचणीएवढी भोकं पडतात आणि खाली पिठासारखा भुसा पडतो, तो यांचा. यांना पाणी लागत नाही, यांना लागतो लाकडातला स्टार्च. आणि तो असतो झाडाच्या बाहेरच्या पांढऱ्या भागात. आतला गडद गाभा त्यांना सहसा आवडत नाही. म्हणून बांबू, आंबा, सावर, रबराचं लाकूड यांना लवकर भुसा लागतो.

आता या गाभ्याची आणि पांढऱ्या भागाची गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण माझा निर्णय शेवटी तिच्यावरच झाला.

देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत लाकडाची एक परीक्षा घेतात. तिला म्हणतात ग्रेव्हयार्ड टेस्ट, म्हणजे स्मशानातली चाचणी. लाकडाचे खुंट अर्धे जमिनीत पुरायचे आणि कोण किती महिने टिकतो ते बघायचं. त्यावरून आपल्या भारतीय मानकाने, आयएस ४०१ ने, लाकडाचे तीन वर्ग केले आहेत. सरासरी १२० महिने किंवा जास्त टिकलं तर पहिला वर्ग, ६० ते १२० मध्ये दुसरा, ६० च्या आत गेलं तर तिसरा. सागाचा गाभा पहिल्या वर्गात. आंबा आणि सावर तिसऱ्यात. आणि हे सगळं ओल्या मातीत पुरलेल्या खुंटाचं. कौलाखाली, वाऱ्यावर, कोरड्यात असलेल्या लाकडाची परीक्षा त्याहून कितीतरी सोपी. वाडियांनी मुंबईच्या गोदीत १८१७ साली बांधलेली सागवानी युद्धनौका 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे. सागाची ताकद यावरून समजा.

पण मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. सागाच्या गाभ्यात औषध शिरतच नाही. कारखान्यात टाकीत घालून दाब दिला तरी फारसं आत जात नाही, मग ब्रशने किंवा फवाऱ्याने काय जाणार? वरच्या वर एक पापुद्रा बसतो. उलट पांढरा भाग औषध गटागटा पितो. ज्याला गरज नाही तो घेत नाही आणि ज्याला गरज आहे तो घेतो. मग सगळ्या छपरावर सरसकट फवारणी करून मी नक्की काय मिळवणार होतो? सागावर मारलेलं औषध सागात जाणार नव्हतं. ते खाली झोपलेल्या माणसाच्या खोलीत राहणार होतं.

आता औषधांबद्दल. मी औषधाच्या विरुद्ध नाही, हे आधीच सांगतो.

तुमच्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल, रेल्वेच्या रुळांखाली लाकडी स्लीपर असायचे. उन्हाळ्यात दुपारी स्टेशनात उभं राहिलं की त्यांचा डांबरासारखा उग्र वास यायचा. ते क्रिओसोट. तो वास होता म्हणून ती लाकडं पावसात, मातीत टिकली. पण ते कुणी घराच्या आत लावू नये.

दुसरं औषध तर भारतातच शोधलेलं. १९३३ साली देहरादूनलाच सोंटी कामेशम नावाच्या संशोधकाने तांबं, क्रोम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण तयार केलं. ते इतकं चांगलं निघालं की जगभर वापरलं गेलं, विजेचे खांब, कुंपणाचे खुंट, पूल. लाकडाला हिरवट झाक येते ती त्याचीच. पण त्यात आर्सेनिक आहे. अमेरिकेत २००३ च्या अखेरीला घरगुती वापराच्या बहुतेक लाकडासाठी ते थांबवलं गेलं. आपल्या दृष्टीने मोठा धोका वेगळाच आहे. सुताराने कापलेले तुकडे गावात कुठे जातात? चुलीत, नाहीतर न्हाणीघरातल्या बंबाखाली. आर्सेनिकचं लाकूड जाळलं की ते धुरात आणि राखेत येतं. आणि तीच राख आपण भांड्यांना आणि माडाच्या आळ्यात वापरतो. म्हणून हे औषध मी पहिल्याच दिवशी यादीतून काढलं.

जर्मनीत १९७० च्या दशकात लोकांनी घराच्या आतल्या लाकडाला भरपूर औषध लावलं. पेंटाक्लोरोफेनॉल आणि लिंडेन असलेलं. अनेक कुटुंबं आजारी पडल्याच्या तक्रारी आल्या, खटले चालले, १९८९ साली तिथे पेंटाक्लोरोफेनॉलवर बंदी आली. आपल्याकडे वाळवीसाठी एके काळी सर्रास वापरलेलं आल्ड्रिन १९९६ मध्ये बंद झालं, लिंडेन २०१३ मध्ये. प्रत्येक वेळी आधी सांगितलं गेलं होतं की काही होत नाही.

पण दुसरी बाजूही ऐका, नाहीतर तुम्ही म्हणाल हा घाबरवतोय. न्यूझीलंडमध्ये घरांचे सांगाडे पाइनच्या लाकडाचे असतात, ते फार नाजूक लाकूड. अनेक वर्षं ते बोरॉनने मुरवून वापरत. नव्वदच्या दशकात औषध न घातलेलं लाकूड भिंतीत वापरायची मुभा मिळाली. त्याच काळात बिनपागोळ्यांची, बंद भिंतींची नवीन फॅशनची घरं आली. पाणी भिंतीत शिरलं, बाहेर पडायला वाट नाही, आणि हजारो घरांचे सांगाडे आतल्या आत कुजले. २००४ पासून तिथे औषध पुन्हा सक्तीचं झालं. म्हणजे नाजूक लाकूड, ओल येण्याची शक्यता आणि डोळ्यांना न दिसणारी जागा, हे तिन्ही एकत्र आले तर औषध हवंच.

हे सगळं डोक्यात घेऊन मी 'तुतारी'ने गावी गेलो आणि आमच्या सुतारकाकांसमोर बसलो. वय ७० च्या आसपास, आमचं जुनं घर त्यांच्या वडिलांनी केलेलं. मी माझी सगळी माहिती सांगितली. देहरादून, जर्मनी, न्यूझीलंड. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पान लावलं आणि म्हणाले,

"झिला, तू लाकडाक औषध घालतलंस, पण गळक्या कौलाक कसला औषध घालतलंस?"

मला हसू आलं. माझ्या चार महिन्यांच्या वाचनाचं सार त्यांनी एका वाक्यात काढून दिलं. म्हटलं, काका, आता तुम्ही सांगा तसं करू.

मग आम्ही दोघांनी मिळून लाकडाचे ढीग केले.

पहिला ढीग चाळीच्या सागाचा. पाडकामाच्या कंत्राटदाराकडून मी त्या तुळया घनफुटाच्या भावाने विकत घेतल्या. मोरीकडची कुजलेली टोकं कापून तिथेच सोडली. वन विभागात विचारून वाहतुकीचे कागद केले. सागाच्या बाबतीत हे केल्याशिवाय टेम्पो भरू नका. सुतारकाकांची एकच तक्रार, "खिळे काढून दी, नायतर करवत जाता." दोन दिवस बसून खिळे काढले. या लाकडाचं आढं झालं, तुळया झाल्या आणि पागोळीकडचे वासे झाले, कारण वाशाची टोकं तिथे पावसाने भिजतात. याला औषध शून्य.

दुसरा ढीग आमच्याच परसातल्या फणसाचा. फणस आणि आंबा ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी परवानगी काढावी लागते, ती काढली. झाड पाऊस संपल्यावर तोडलं आणि वाळायला पूर्ण उन्हाळा दिला. पिवळा गाभा वाशांना घेतला, बाहेरचा पांढरा भाग तासून काढला. लाकूड वाया गेलं, जीव हळहळला, पण भुंगेऱ्यांचं खाद्य घरात कशाला न्यायचं? यालाही औषध नाही.

तिसरा ढीग अवघड. रिपा. कौलं ज्यांच्यावर बसतात त्या बारीक पट्ट्या. या गिरणीवरून मिसळ लाकडाच्या आलेल्या, अर्ध्यांना पांढरी कड. शिवाय चुलत्यांनी प्रेमाने दिलेले आंब्याचे सहा वासे. नाही म्हणता येईना. यांना औषध हवंच होतं, यात शंका नव्हती. आम्ही बोरॉन वापरलं, म्हणजे बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिड गरम पाण्यात विरघळवून. पत्र्याची लांब टाकी केली, लाकूड कापून, भोकं पाडून तयार करून मग त्यात बुडवलं, आणि ओलं असतानाच प्लॅस्टिकखाली रचून काही आठवडे ठेवलं, म्हणजे ते आत झिरपतं. त्याला वास नाही, ते हवेत उडत नाही. पण म्हणून ते मीठ नव्हे. हातमोजे घालायचे, टाकीजवळ पोरं आणि गुरं येऊ द्यायची नाहीत, उरलेलं पाणी विहिरीच्या किंवा झाडांच्या बाजूला ओतायचं नाही. आणि त्याची एक मोठी उणीव आहे, पावसात भिजलं की ते धुऊन जातं. म्हणून कौलाखाली चालतं, पागोळीला नाही.

वाळवीसाठी जमिनीत औषध ओतायचं का, हाही प्रश्न होता. आमची विहीर घरापासून २५ फुटांवर. तिच्यातलंच पाणी पितो. मी नको म्हटलं. त्याऐवजी जोतं उंच घेतलं, चिऱ्याच्या भिंतीवर सगळीकडे काँक्रीटचा पट्टा घेतला आणि त्यावर लाकूड ठेवलं. लाकडी खांब दगडी तळखड्यावर उभे केले, मातीला लाकूड कुठेच टेकत नाही. असल्या पट्ट्याने वाळवी थांबते असं नाही, ती वळसा घालून येऊ शकते. पण तिला उघड्यावरून यावं लागतं, आणि तिची मातीची नळी दिसते. दिसली की मोडता येते. याच कारणाने आतून सिलिंग मारायचं नाही असंही ठरवलं. भावजय म्हणाली, किती छान दिसलं असतं. दिसलं असतं, पण मग वासे दिसले नसते.

भाऊ नाराज झाला. साहजिक आहे. तो म्हणाला, "दादा, दहा वर्षांची गॅरंटी सोडतोयस तू." मी त्याला तो गॅरंटीचा कागद पुन्हा वाचायला दिला. त्यात लिहिलं होतं, वाळवी दिसल्यास पुन्हा येऊन मोफत फवारणी. खाल्लेला वासा बदलून देऊ, असं कुठेही नव्हतं. म्हणजे दहा वर्षं घरात पुन्हा पुन्हा औषध मारायचा तो करार होता. तो वाचून गप्प झाला, पण पटलं असं काही म्हणाला नाही.

आणि सगळं खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं एका जागी बरोबर निघालं.

घर मे महिन्यात पुरं झालं. जुलैमध्ये वानरांनी मागच्या बाजूची दोन कौलं सरकवली. एका वाशावर काळी रेघ उमटली. सिलिंग नव्हतं म्हणून दुसऱ्या दिवशी दिसली, कौलं बसवली, वासा आठवड्याभरात वाळला. हे ठीक झालं. पण दिवाळीला गेलो तर ओटीवर एका जागी पीठ पडलेलं. वर बघितलं तर रिपेला बारीक भोकं. माझ्या पोटात गोळा आला. सुतारकाकांनी रीप उतरवली. शेवटच्या दिवशी दोन रिपा कमी पडल्या होत्या, कुणीतरी गिरणीवरून आणून तशाच ठोकल्या होत्या. न बुडवता. त्या दोनच खाल्लेल्या, शेजारच्या बुडवलेल्या रिपा जशाच्या तशा. भाऊ म्हणाला, "बघ, सांगितलं होतं ना?" मी म्हटलं, बरोबर सांगितलं होतंस. पांढऱ्या लाकडाला औषध लागतंच. दोन रिपा बदलल्या. तेव्हापासून दर महिन्याला तोच गावी जाऊन टॉर्च घेऊन वासे बघतो. मला वाटतं आमच्या छपराला मिळालेलं सगळ्यात चांगलं औषध ते आहे.

आता तुमच्या घराबद्दल. मला विचाराल तर आधी लाकडाचं नाव विचारा, आणि गाभा किती, पांढरं किती, ते डोळ्यांनी बघा. मग ते लाकूड कुठे बसणार ते बघा, कोरड्यात की पावसात, भिंतीत की उघड्यावर, दिसणार की झाकलं जाणार. चांगला गाभा, कोरडी जागा, डोळ्यासमोर, तर औषध घालू नका. नाजूक लाकूड असेल तर घाला, पण चढवायच्या आधी, बुडवून, आणि नंतर कापलेल्या टोकांनासुद्धा. चढवल्यावर खालून फवारणी करणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. डब्यावर औषधाचं नाव लिहिलेलं नसेल तर तो डबा घरात घेऊ नका. कापलेले तुकडे चुलीत घालू नका, निदान औषधाचे तरी. आणि मे महिन्यातली शाकारणी चुकवू नका. बाकी सगळं केलं आणि ती चुकवली तर आमच्या जुन्या घरासारखं होईल.

बाबा आता तिथेच असतात. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री मी सोबत होतो. रात्री दोनच्या सुमारास जाग आली तर ते अंथरुणावर बसलेले, वर बघत होते. मला वाटलं दम लागला. पंप शोधायला लागलो.

ते म्हणाले, "अरे पंप नको. ती मधली तुळई बघ. आपल्या खोलीतली ना?"

मी म्हटलं, "हो, पाळण्याचा हूक होता तीच."

"मग बरोबर," म्हणाले, आणि आडवे झाले.

एवढंच, मंडळी. तुमच्या गावच्या घराच्या लाकडाबद्दल काही अनुभव असेल, माझ्या उलटा असला तरी, जरूर कळवा. पुढच्या भागात वाचून दाखवीन. भेटू.